सुसान्नाबाई वेस्ली : पाळण्याशेजारची शाळा

खेड्यांतील ख्रिस्ती आयांच्या तोंडून एक गाऱ्हाणें आम्ही पुष्कळदां ऐकतों. मांडीवर तान्हें मूल आहे, दोन-तीन लेंकरें पदराला धरून उभीं आहेत, चुलीवर भाकरी आहे. अशा स्थितींत मुलांस अक्षरें शिकविण्यास व देवाच्या वचनाची ओळख करून देण्यास वेळ कोठून आणावा? हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. म्हणून आम्हीं येथें अशा एका बाईचें चरित्र निवडलें आहे, कीं जिच्या घरीं सुमारें वीस वर्षें पाळणा क्वचितच रिकामा होता, आणि तरी जिनें आपल्या मुलांस घरींच शिकविलें.

सुसान्नाबाईंचा जन्म लंडन शहरीं सन १६६९ च्या जानेवारीच्या २० व्या तारखेस झाला. त्यांचे वडील सॅम्युएल ॲनस्ली हे विद्वान पाळक होते. त्यांच्या पंचवीस अपत्यांत ह्या शेवटच्या. सन १६८८ त, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांचा विवाह सॅम्युएल वेस्ली ह्यांच्याशीं झाला. वेस्लीसाहेब पाळक होते, कवीही होते. परंतु व्यवहारांत कच्चे असल्यामुळें कर्जानें त्यांची पाठ कधीं सोडली नाहीं. कांहीं वर्षांनीं हें कुटुंब लिंकनशायर प्रांतांतील एपवर्थ ह्या दलदलीच्या मुलुखांतील गांवीं येऊन राहिलें. बाईंस एकंदर एकोणीस मुलें झालीं. त्यांपैकीं नऊ तान्हेपणींच दगावलीं. तीन मुलगे व सात मुली अशीं दहा वाढलीं.

नऊ हा आंकडा लिहिण्यास सोपा आहे. पण त्यांतील एका बाळाची हकीकत ऐकावी. सन १७०५ त निवडणुकीच्या वेळीं वेस्लीसाहेबांच्या मताचा राग येऊन कांहीं लोकांनीं रात्रीं त्यांच्या घराजवळ ढोल वाजविले व बंदुका उडविल्या. बाई बाळंत होऊन तेव्हां तीन आठवडेही पुरते झाले नव्हते. बाळ समोरच्या घरीं एका दाईजवळ ठेविलें होतें. गोंगाटामुळें दाईला रात्रीं उशिरापर्यंत झोंप आली नाहीं. मग ती इतकी गाढ झोंपली कीं बाळ तिच्या अंगाखालीं गुदमरून गेलें. तिनें घाबरून बाळाला आणलें, आणि तें तसेंच निर्जीव आईच्या हातीं आलें. लवकरच सुमारें तीस पौंडांच्या कर्जासाठीं वेस्लीसाहेबांस लिंकनच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. बाईंजवळ पैसा नव्हता. त्यांनीं आपल्या अंगठ्या काढून पतीकडे पाठविल्या. त्यांनीं त्या परत केल्या. त्याच सुमारास कोणीं रात्रीं येऊन त्यांच्या गाईंस भोंसकलें, आणि घरचें दूध तुटलें. आम्ही जिचें वर्णन करणार आहों ती शाळा अशा घरांत चालली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

शाळेचा पाया पाळण्यांतच घातला जाई. बाळाला निजविणें, उठविणें, कपडे घालणें, ह्या सर्वांची वेळ ठरलेली असे. बोलूं लागतांच त्यास प्रभूची प्रार्थना शिकवीत, आणि तें ती उठतांना व निजतांना म्हणत असे. जेवणाच्या वेळेखेरीज कोणास खावयास मिळत नसे. कांहीं मागावयाचें तर चाकरासही नम्रपणानें मागावें, असा नियम होता. संध्याकाळीं कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर सर्वांचें जेवण होई, मग हातपाय धुऊन आठ वाजतां सर्व मुलें अंथरुणांत असत. मूल जागेंच निजवून मोठीं माणसें खोलीबाहेर जात. त्याला झोंप लागेपर्यंत कोणी बसून राहत नसे. घरांत इतकीं मुलें असूनही रडणें-ओरडणें क्वचित ऐकूं येई.

पांच वर्षें पुरीं होईपर्यंत मुलास वाचन शिकवावयाचें नाहीं, असें बाईंनीं ठरविलें होतें. पांचवा वाढदिवस झाला कीं दुसऱ्या दिवशीं त्याची शाळा सुरू होई. आदल्या दिवशीं घर नीट लावून प्रत्येकास त्याचें काम नेमून देत. मग सकाळीं नऊपासून बारापर्यंत व दुपारीं दोनपासून पांचपर्यंत त्या खोलींत कोणीं यावयाचें नाहीं. त्या एका दिवसांत मुलानें सर्व अक्षरें शिकावीं, अशी रीत होती. बहुतेक मुलें शिकलीं. मेरी व ॲन ह्या दोघींस मात्र दीड दिवस लागला. अक्षरें येतांच उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय हाच पहिला धडा होई. धाकट्या केझियाला मात्र पतीच्या आग्रहावरून पांच वर्षांच्या आधींच शिकविण्यास आरंभ केला, आणि तिला इतरांहून फार अधिक काळ लागला. ह्यावरून कोवळ्या बुद्धीवर घाई लादूं नये हें बाईंचें मत अधिकच दृढ झालें.

दुसरा एक नियम आमच्या वाचकांनीं विशेष मनावर घ्यावा. मुलीला चांगलें वाचतां येईपर्यंत तिच्या हातीं शिवणकाम द्यावयाचें नाहीं. त्या काळीं मुलीचे हात आधीं कामास लावीत आणि वाचन तसेंच राहून जाई. बाईंच्या घरीं सातही मुली वाचावयास शिकल्या, आणि मेहेटाबेल तर लहानपणींच ग्रीक भाषेंतील नवा करार वाचूं लागली.

सन १७०९ च्या फेब्रुवारीच्या ९ व्या तारखेस रात्रीं घरास आग लागली. बाई तेव्हां गरोदर होत्या; धावतां न येऊन त्या ज्वाळांतूनच बाहेर पडल्या व त्यांचे हात व तोंड भाजलें. पांच वर्षांचा जॉन माडीवर राहिला होता. एक मनुष्य दुसऱ्याच्या खांद्यांवर उभा राहिला आणि त्यानें मुलास खिडकींतून काढून घेतलें. लगेच छप्पर कोसळलें. पुस्तकें, कागदपत्र, सामान, सर्व जळालें. महिनाभरानें, मार्चांत, केझियाचा जन्म झाला. दुसरें घर बांधून होईपर्यंत मुलें नातलगांच्या व शेजाऱ्यांच्या घरीं पांगलीं. तीं परत आलीं तेव्हां आईस दिसलें कीं बोलणें-चालणें, रविवारचें पालन, अभ्यास, सर्वच बिघडलें आहे. इतक्या वर्षांचे श्रम वाहून गेले असें पाहून कोणाचाही धीर खचला असता. बाईंनीं पहिल्यापासून आरंभ केला, आणि तोही तान्ही केझिया जवळ असतां. शाळेच्या आरंभीं व शेवटीं स्तोत्रगायन सुरू केलें. संध्याकाळीं सर्वांत मोठ्या मुलानें सर्वांत धाकट्या बोलक्या मुलास जवळ घ्यावें, दुसऱ्यानें त्याच्या वरच्यास, आणि स्तोत्रें व नव्या करारांतील एक अध्याय वाचून दाखवावा, असें ठरविलें. आईचे दोन हात पुरेनासे झाले तेव्हां मोठीं भावंडेंच शिक्षक झालीं.

येथें आमच्या देशाचा संबंध येतो. सन १७०६ त डेन्मार्कच्या राजानें पाठविलेले झीगेनबाल्ग व प्ल्यूचाऊ हे दोन मिशनरी तामिळ किनाऱ्यावर त्रांकेबार येथें उतरले होते. त्यांच्या कामाचा वृत्तांत एमिलिया ह्या मुलीला वडिलांच्या खोलींत सांपडला, आणि तिनें तो आईस वाचून दाखविला. बाईंच्या मनावर त्याचा फार परिणाम झाला. आपण हिंदुस्थानांत जाऊं शकत नाहीं, पण आपल्या स्वयंपाकघरांत कांहीं करूं शकतों, असें त्यांस वाटलें. त्यांनीं आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलास नेमून दिली; त्या वेळीं त्याच्याशीं एकट्याशींच आत्म्याच्या गोष्टी बोलावयाच्या. गुरुवार जॉनचा होता, शनिवार चार्ल्सचा. सन १७१२ च्या आरंभीं पती लंडनास गेले असतां रविवारीं संध्याकाळीं त्या मुलांस व चाकरांस प्रवचन वाचून दाखवीत. शेजारी येऊं लागले, आणि पुढें दोनशेंपर्यंत माणसें जमूं लागलीं.

ह्या बाईंचें सर्वच अनुकरण करावें असें आम्ही म्हणत नाहीं. एक वर्षाच्याही मुलास त्या छडीचें भय दाखवीत. ती रीत आम्हांस मान्य नाहीं, व तिनें लेंकराचें अहितच होतें. त्यांच्या हाताखालीं चाकर होते, ते आमच्या बहुतेक बहिणींस नाहींत. त्यांच्या सर्व मुलींचे संसारही सुखाचे झाले नाहींत. घरचें शिक्षण ही कांहीं सुखाची हमी नव्हे. परंतु छडीजवळच दुसरे नियमही होते, आणि ते घेण्याजोगे आहेत: ज्यानें आपण होऊन चूक कबूल केली त्यास मारूं नये, एका अपराधाची शिक्षा दोनदां करूं नये, दिलेलें वचन पाळावें, दुसऱ्याची टांचणीही विचारल्यावांचून घेऊं नये.

सुसान्नाबाई सन १७४२ च्या जुलैच्या २३ व्या तारखेस लंडन येथें देवाघरीं गेल्या. त्यांच्या जॉननें मेथडिस्ट मंडळीचा पाया घातला, आणि चार्ल्सनें सहा हजारांवर गीतें रचिलीं. पण ज्या दिवशीं त्या पांच वर्षांच्या पोरास अक्षरें शिकवीत होत्या, त्या दिवशीं त्यांस ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यांच्यापुढें एक मूल होतें व एक पान होतें.

बहिणींनो, तुम्हांस सहा तास मिळणार नाहींत. अर्धा तास मिळेल. तो ठरवून ठेवा. बाळ निजलें असतां थोरल्या मुलीजवळ पुस्तक घेऊन बसा, आणि तिला धाकट्यास शिकवूं द्या. आणि बंधूंनो, तो अर्धा तास तिला मिळावा म्हणून पाण्याची घागर तुम्ही आणा.