राजर्षी शाहू महाराज : वेगळ्या शाळांचा शेवट

राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र वसतिगृहे आणि १९०२ चे आरक्षण यांच्या अंगाने आपल्या परिचयाचे आहे. या घटकात आपण ते अस्पृश्य मुलीच्या शिक्षणाच्या बाजूने पाहणार आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ मध्ये ते करवीरच्या गादीला दत्तक आले आणि १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. संस्थानात अस्पृश्यांसाठी शाळा होत्या, पण त्या वेगळ्या. कोल्हापूरलगतच्या उचगावसारख्या गावातील महार-मांगांच्या मुलीला गावची शाळा जातीमुळे बंद असे. वस्तीसाठी वेगळी शाळा निघालीच, तर तेथे आधी भावाची वर्णी लागे. महाराजांनी उभारलेल्या वसतिगृहांचा लाभही मुख्यतः मुलग्यांनाच झाला, हे त्यांचा गौरव करतानाही नजरेआड करता येत नाही.

१९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा केला. खरी कसोटी लागली ती १९१९ मध्ये. अस्पृश्य मुलांना समानतेने वागविणे ज्या शिक्षकांना मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, असा हुकूम त्यांनी वर्षारंभीच काढला. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांतील मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्यात आले. याच शाळा दाखवून महाराजांना उदारपणाचे श्रेय सहज मिळविता आले असते. त्यांनी त्या मोडल्या. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या त्या १९५४ मध्ये. टोपेका येथील लिंडा ब्राऊन या शाळकरी मुलीच्या वडिलांनी इतर पालकांसह तो दावा लावला होता. कोल्हापूरचा आदेश त्याआधी ३५ वर्षांचा. अर्थात, संस्थानिकाचा हुकूम एका दिवसात निघतो. वर्गातील शिवाशिव तितक्या लवकर जात नाही.

स्त्रीशिक्षणाचा प्रश्न महाराजांच्या घरातही उभा राहिला. १९१८ मध्ये राजपुत्र शिवाजी यांचे शिकारीत निधन झाले, तेव्हा सूनबाई इंदुमतीदेवी बारा वर्षांच्याही नव्हत्या. राजवाड्यातील विरोध न जुमानता महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथे केली आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. इंदुमतीदेवी १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या. महाराज मात्र त्यापूर्वीच, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत निवर्तले होते.