गेरार्डस मर्केटर

जगाच्या ज्या नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढें दिसतें, तो पाहून आम्ही पुष्कळदां चकलों आहों. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारें १४ पट आहे. ही चूक नव्हे. नाखव्याच्या सोईसाठीं जाणूनबुजून केलेली ती योजना होय, आणि तिचा कर्ता मर्केटर होय.

फ्लँडर्समधील रूपेलमोंडे गांवीं ता. ५ मार्च १५१२ रोजीं एका गरीब जोडे शिवणाऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. लुव्हेन विद्यापीठांत शिकून, जेम्मा फ्रिसियस ह्या गणितज्ञाच्या सहवासांत तो नकाशे कोरण्यांत निष्णात झाला. १५४१ सालच्या त्याच्या पृथ्वीगोलावर एकाच दिशेनें जाणाऱ्या जहाजांचे मार्ग वक्र रेघांनीं दाखविले होते.

१५४४ सालीं त्याजवर पाखंडाचा आरोप आला व सुमारें सात महिने तो आपल्या जन्मगांवच्याच किल्ल्यांत कैदेंत राहिला. त्याच्याबरोबरच्या कित्येक आरोपींस देहान्त शिक्षा झाली. ख्रिस्ताच्या नांवानें ख्रिस्ती मनुष्यास असें कोंडावें, हें लिहितांना आमची लेखणी अडखळते. लुव्हेनच्या धर्मगुरूनें त्याच्यासाठीं रदबदली केली. आरोप सिद्ध झाला नाहीं व तो सुटला. १५५२ सालीं तो जर्मनींतील डुइसबर्ग येथें जाऊन राहिला.

तेथें १५६९ सालीं त्यानें तो प्रसिद्ध नकाशा काढला. गोलावर रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जवळ येत जातात. ६० अक्षांशावर त्यांतील अंतर विषुववृत्ताच्या निम्मेंच उरतें. सपाट कागदावर त्या समांतर काढल्या कीं तें अंतर दुप्पट ताणलें जातें. मर्केटरनें उत्तरदक्षिण अंतरही त्याच प्रमाणांत ताणलें, म्हणून कोन मात्र बिघडले नाहींत. आतां नाखव्यानें दोन बंदरांचे अक्षांश-रेखांश पाहून दोन टिंबें द्यावीं, पट्टीनें रेघ ओढावी आणि उभ्या रेघेशीं तिचा होणारा कोन होकायंत्रावर धरून सुकाणूं चालवावें. हा मार्ग बहुधा सर्वांत जवळचा नसतो. पण धरून ठेवण्यास तो फार सोपा.

ह्या ताणण्याचें गणिती कोष्टक एडवर्ड राइट ह्या इंग्रजानें १५९९ सालीं छापलें, आणि भर समुद्रांत रेखांश बिनचूक काढण्याचें साधन तर हॅरिसनच्या घड्याळानें १८ व्या शतकांत मिळालें. मर्केटरला ह्यांतील कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. ता. २ डिसेंबर १५९४ रोजीं तो डुइसबर्ग येथें वारला. पुढील वर्षीं त्याचा पुत्र रूमोल्ड ह्यानें बापाच्या नकाशांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बापानेंच ठरविलेलें त्याचें नांव ‘ॲटलास’ होतें.