यतीचा दंड आणि अंजनवेलचा गड

आज अक्षय्य तृतीया. चिरंजीव भार्गवरामांच्या जन्मोत्सवाचे पर्व. भार्गवरामांच्या हातातील परशू सर्वांस ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या एका थोर भक्ताच्या हातातील दंडाविषयी चार शब्द सांगणार आहोत.

ख्रिस्ती धर्मात बिशपांच्या हाती मेंढपाळाच्या काठीसारखा, वरच्या टोकास वळलेला दंड असतो. चांदीने वा हस्तिदंताने सजविलेले असे जुने दंड देशोदेशींच्या संग्रहालयांत जपून ठेविले आहेत. कळप सांभाळणाऱ्याची ती खूण. आपल्या संन्याशाचा दंड साध्या वेळूचा, आणि तो प्रथम स्वतःस आवरण्यासाठी. वाणी, मन व देह या तिहींवर ज्याचा दंड चालतो तोच खरा त्रिदंडी, असे मनुस्मृतीचे मत आहे. यतीने देह ठेविला म्हणजे त्याच्याबरोबर दंडही समाधीत ठेवण्याचा विधी आहे. म्हणून यतीच्या दंडाचा शोध त्याच्या चरित्रातच घ्यावा लागतो.

धावडशीच्या श्रीब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र या दृष्टीने पाहावे. वऱ्हाडात जन्मलेले विष्णुपंत बालवयातच विरक्त झाले. काशीस ज्ञानेंद्र सरस्वतींपासून त्यांनी दीक्षा घेतली आणि तीर्थयात्रा करीत ते चिपळूणनजीक परशुरामाच्या डोंगरी येऊन राहिले. तेथे त्यांच्या तपाची कीर्ती पसरली. कान्होजी आंग्रे, बाळाजी विश्वनाथ, पुढे बाजीराव व चिमाजीअप्पा त्यांस गुरुस्थानी मानीत. जंजिऱ्याच्या सिद्दीचाही त्यांच्यावर भाव होता. यतीच्या दंडापुढे धर्मभेद उरला नव्हता.

पण काळ पालटला. त्या वेळी वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले अंजनवेल आणि खाडीच्या वरच्या अंगाचे गोवळकोट ही ठाणी सिद्दीची होती, व तेथील अंमल सिद्दी सात याच्या हाती होता. सावनूरच्या नबाबाकडून त्याच्यासाठी येणारा हत्ती वाटेत आंग्र्यांच्या लोकांनी अडविला. यात स्वामींचे अंग असावे, असा संशय सिद्दी सात याने घेतला आणि १७२७ च्या महाशिवरात्रीस त्याने परशुरामाचे देवस्थान लुटून उद्ध्वस्त केले. ज्या रात्री भक्तांनी जागर करावा, त्या रात्री देवालयात आक्रोश झाला. एका हत्तीपायी, एका संशयापायी हे घडले!

स्वामींनी सिद्दी सात यास शाप दिल्याचे सांगतात. त्यांनी कोकण सोडले व साताऱ्याजवळ धावडशीस वास्तव्य केले. छत्रपती शाहूमहाराजांपासून पेशव्यांपर्यंत सर्वांस ते सिद्दीवरील मोहिमेचा आग्रह धरीत राहिले. बाजीरावांस त्यांनी कर्जे दिली आणि त्यांची निकडीने मागणीही केली. एप्रिल १७३६ मध्ये रेवसनजीक चिमाजीअप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. तरीही अंजनवेल हाती आले नाही. ते १७४५ च्या आरंभी तुळाजी आंग्र्यांनी घेतले व गडाचे नाव गोपाळगड ठेविले. त्याच वर्षी जुलै महिन्यात स्वामी धावडशीस समाधिस्थ झाले.

वाचकहो, येथे एक प्रश्न आम्हांस सोडीत नाही. सर्वसंगपरित्याग केलेल्या यतीने अठरा वर्षे एक जखम उरी बाळगावी काय? त्याने सावकारी करावी काय? काहींनी यावरून स्वामींस दोष दिला आहे. पण तो क्रोध स्वतःच्या अपमानाचा नव्हता, भग्न झालेल्या देवालयाचा होता, आणि त्यांच्या द्रव्यातून देवळे व विहिरी उभ्या राहिल्या, हेही विसरता येत नाही. तथापि मनोदंड हा तिन्ही दंडांत अवघड खरा. स्वामींसारख्या तपस्व्यासही जो आयुष्यभर पेलावा लागला, तो आपणां संसारी जनांस सहज कसा पेलेल?

आज गोपाळगडाचा तट खाडीकडे पाहत उभा आहे. सिद्दी गेला, आंग्रे गेले, पेशवाईही गेली. परशुरामाच्या डोंगरी मात्र आजही आरती होते. भार्गवरामांनीही पृथ्वी जिंकून ती दान केली आणि अखेर तपासाठी महेंद्र पर्वत जवळ केला. आज त्यांना फुले वाहताना शत्रुनाशाचे बळ मागावे, आणि तो शत्रू प्रथम आपल्याच मनात शोधावा. एवढे साधले, तर हातात वेळू नसला तरी आपण दंडधारी झालो, असे आम्ही समजू.