पंडिता रमाबाई व दारी आलेला पाहुणा

एखादा नवखा मनुष्य आपल्या मंडळीत प्रथमच उपासनेस येतो, दाराशी वहाणा काढून मागच्या भिंतीस टेकून बसतो, आणि आशीर्वाद होताच कोणाशी न बोलता निघून जातो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. अशा पाहुण्याचे स्वागत कसे करावे हे ज्यांस शिकावयाचे आहे, त्यांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र अवश्य मनात आणावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या घरी यात्रेकरू व विद्यार्थी ह्यांस मुक्तहस्ताने अन्न मिळे. ह्या आतिथ्यापायी शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले व कुटुंबासह तीर्थयात्रेस निघाले. रमा तेव्हा अवघी सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेले. अशा रीतीने यजमानाची कन्या वाटसरू झाली.

१८७४ साली दुष्काळात वडील वारले. लवकरच आईही मरणोन्मुख झाली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागावा म्हणून रमा एका ब्राह्मणाच्या घरी गेली. परंतु लाजेने तिच्या तोंडून शब्द निघेना व डोळ्यांतील पाणी आवरेना. त्या घरच्या बाईने मुलीच्या मनातले ओळखले, आपण होऊन विचारले, व बाजरीची भाकरी दिली. पुढे आई वारली तेव्हा खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत. उंचीने लहान असलेल्या रमेने तिरडीचा आपला भाग डोक्यावर घेतला. परक्या गावी माणसास काय हवे असते, हे त्या दोन प्रसंगांनी त्यांस शिकविले.

विद्वत्तेमुळे त्यांस १८७८ साली कलकत्त्यास पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. १८८२ साली वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे लोकांनी टाकून दिलेल्या स्त्रियांस धर्मभगिनी प्रेमाने सांभाळतात हे त्यांनी पाहिले. त्याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस ख्रिस्त व शोमरोनी स्त्री ह्यांची कथा कळली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली मुंबईस त्यांनी विधवांकरिता शारदा सदन उघडले, व पुढील वर्षी ते पुण्यास आणिले. आलेल्या मुलींस आपल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, ती आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून. कोणास बोलावणे नव्हते, तशी कोणास बंदीही नव्हती. १८९३ साली ह्यावरून मोठा वाद माजला, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले व कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्यांनी ते दार लावले नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांच्यासाठी मुक्ति सदन उभे राहिले. उपाशी, रोगी, भेदरलेल्या त्या मुलींस जुन्या विद्यार्थिनींनी न्हाऊ घातले, जेवू घातले, अक्षरे शिकविली. काल ज्या पाहुण्या होत्या त्याच आज यजमानीण झाल्या. १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर तेथील संख्या २००० च्या घरात गेली. अंध मुलींसही तेथे शिक्षण मिळाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

प्रिय वाचकहो, ज्यास फार गरज असते तो बहुधा मागत नाही. म्हणून मंडळीत दाराशी अशा कोणास तरी उभे करा, ज्यास न बोललेले ऐकू येते. त्याने नवख्याची जात वा येण्याचा हेतू प्रथम विचारू नये. बसावयास जागा, गीतांचे पुस्तक व पाण्याचा तांब्या द्यावा. निघतेवेळी घराची वाट विचारावी, आणि आठवड्यात एकदा त्या वाटेने जावे. त्या बाजरीची भाकरी देणाऱ्या बाईचे नाव कोणास ठाऊक नाही. पण रमाबाईंनी तिला स्मरणात ठेविले.