उजेड अधिक उजेड = अंधार!

रात्री लाइट गेली की एक गंमत करून बघा. दोन मोबाइलचे टॉर्च लावा आणि त्यांचे झोत एकमेकांना छेदतील असे धरा. काय होतं? काहीच नाही. टक्कर नाही, धक्का नाही, दोघंही आपापल्या वाटेनं सरळ पुढं. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा असेल, तर हे कण एकमेकांवर आदळत का नाहीत?

न्यूटनच्या कणांवर इंग्लंडमध्ये सगळ्यांचा विश्वास होता, तेव्हा थॉमस यंग नावाच्या तरुण डॉक्टरनं वेगळा विचार केला. जन्म १७७३चा. दोन वर्षांचा असताना वाचायला लागलेला हा पठ्ठ्या! त्याला आवाजाचं वेड होतं. दोन सूर एकत्र आले की आवाज कधी वाढतो, कधी दबतो. मग प्रकाशाचंही तसंच नसेल कशावरून?

१८०३ साली त्यानं रॉयल सोसायटीपुढं एक प्रयोग मांडला. खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडलं, आत आलेल्या उन्हाच्या तिरिपेत कार्डाची इंचाच्या तिसाव्या भागाएवढी पट्टी आडवी धरली. पट्टीच्या दोन्ही कडांवरून प्रकाश सावलीत शिरला आणि सावलीत उजेड-काळोखाच्या रेघा दिसल्या. आता खरी कमाल ऐका. एका बाजूचा प्रकाश अडवला, तर सावलीतल्या रेघाच गायब! म्हणजे दोन्ही बाजूंचा उजेड मिळूनच ते काळे पट्टे उमटत होते. लाटेचा उंचवटा उंचवट्याला भेटला की उजेड, खळग्याला भेटला की अंधार. त्यावरून त्यानं लाल प्रकाशाच्या लाटेची लांबीही काढली, इंचाचा सुमारे ३६,०००वा भाग!

टाळ्या? छे. हेन्री ब्रूम या वकिलानं 'एडिनबरो रिव्ह्यू'मध्ये निनावी लेखांतून त्याची यथेच्छ टर उडवली. यंगनं उत्तरादाखल पुस्तिका छापली. तिची म्हणे एकच प्रत खपली. न्यूटनला हात लावायचा म्हणजे काय! यंग पुन्हा दवाखान्यात रमला, फावल्या वेळात इजिप्तच्या रोझेटा शिलालेखाची अक्षरं लावत बसला. पुढं फ्रान्सच्या फ्रेनेलनं लाटांचं पक्कं गणित मांडलं आणि १८१९मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस पटकावलं. यंग तेव्हा हयात होता, हे बरं झालं. तो गेला १८२९मध्ये, ५५व्या वर्षी.

आणि तुमच्या टॉर्चचं काय? यंगचे दोन झोत एकाच उन्हातून फुटलेले, म्हणून त्यांच्या लाटांचा ताल जुळलेला. दोन टॉर्चच्या लाटांचा ताल सतत बदलत राहतो. रेघा डोळ्यांना दिसण्याआधीच पुसल्या जातात.