काडीला चालायला लावणारे दादासाहेब

बडोद्याच्या रेल्वे स्थानकातून सयाजीगंजात उतरले की थोड्याच अंतरावर १८७९ साली उभारलेली सयाजीबाग लागते. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्री घराण्यात ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून या संस्थानी शहरात आले आणि येथील कलाभवनात चित्रकला, शिल्प व छायाचित्रण शिकले. पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे पत्नी आणि मूल प्लेगने हिरावले. बडोद्यास परतून पुन्हा व्यवसाय उभारला, तर कॅमेरा माणसाचे आयुष्य शोषून घेतो अशी भीती लोकांच्या मनात बसलेली. गिऱ्हाईक फिरकेना. याच पडत्या काळात ते जादूचे प्रयोग शिकले. स्वतःचे आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते रंगमंचावर उभे राहत.

चरित्रकार या जादूगिरीकडे सहसा गंमत म्हणून पाहतात. वस्तुतः फाळक्यांच्या चित्रपटांचे मर्म तिच्यातच आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभर त्याची चित्रे टिपली. पडद्यावर मात्र मिनिटभरात अंकुर फुटून वेल डोलू लागला. ‘अंकुराची वाढ’ पाहूनच भांडवलदाराचा हात सैल झाला. तरीही पैसा पुरेना, तेव्हा द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला.

महायुद्धाने पैसा आणि कच्ची फिल्म दोन्ही आटली. त्या तंगीत, १९१५च्या सुमारास, फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. आज संगणकावर घडणाऱ्या ॲनिमेशनपटातही आकृतीची हालचाल अशीच चित्रागणिक रचलेली असते. हाताची जागा गणिताने घेतली, इतकेच. परंतु हालचाल म्हणजे करमणूक नव्हे. निर्जीव वस्तूला स्वभाव लाभला, ती हट्ट करू लागली, फजित झाली, म्हणजे मांडीवरचे नातवंड आणि मागे बसलेली आजी एकाच क्षणी हसतात. यंत्र कितीही महागडे असो, ही गोष्ट त्याच्याकडून विकत मिळत नाही.

फाळक्यांना ते ठाऊक होते. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांत चमत्कार भरपूर आहेत, पण कथा घरोघरी ठाऊक असलेली. ‘कालियामर्दन’मध्ये तर बाळकृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. आरंभीच तिचा चेहरा पडद्यावर येतो आणि एकामागून एक भाव दाखवितो. पाण्यातल्या नागाशी झुंजणारे हे मूल कोणाचे तरी खरे मूल आहे, हे प्रेक्षकाला आधीच कळलेले असते. त्यामुळे युक्ती उघडी पडूनही काळजी वाटतेच.

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. काड्यांचा तो लघुपट आज उपलब्ध नाही. ‘कालियामर्दन’ बराचसा टिकला आहे, आणि मंदाकिनीचा तो चेहराही.