सहाव्या मुलाचा वाटा : आचार्य विनोबा भावे

आपल्या पनागरच्या नावाशी कानाला जवळचे वाटणारे पवनार हे वर्ध्याजवळ धाम नदीकाठचे गाव. आचार्य विनोबा भावे यांची ती कर्मभूमी. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे येथे झाला. ‘गीताई’ घरोघरी आहे, तेव्हा तिच्याविषयी वेगळे सांगायला नको. १९४२ च्या आंदोलनानंतरच्या कारावासात ते आपल्या शेजारच्या सिवनीच्या तुरुंगातही होते. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवरील त्यांची प्रवचने तेथलीच.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते तेलंगणातील पोचमपल्लीस पोहोचले. तेथील ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. रोजच्या मजुरीतून शेत विकत घेणे त्यांना सात जन्मांत जमले नसते. विनोबांनी गावकऱ्यांसमोर विषय काढला आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. भूदान सुरू झाले ते असे.

त्याच वर्षी पवनारहून दिल्लीला पायी जाताना सागर येथे त्यांनी ५ कोटी एकरांचा संकल्प सांगितला. मागण्याची रीत अगदी घरगुती होती. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, तो मी भूमिहीनाला देईन, असे ते समजावत. जवळजवळ १३ वर्षे ते चालत राहिले. पवनारला स्वतः कुदळ-फावडे घेऊन बैलाविना शेती केलेला हा माणूस होता, म्हणून शेतकरी त्यांचे ऐकून घेत असावेत.

४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. पण त्यात खडकाळ, वादातली पुष्कळ. कित्येक दाने कागदावरच राहिली. शिवाय नवा संसार नुसत्या जमिनीवर उभा राहत नाही. बैल, बियाणे, विहीर लागते. यासाठी साधनदान, कूपदान निघाले, मात्र गरजेच्या मानाने ते अपुरे पडले. ही बाजू गौरवग्रंथांत फार येत नाही.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला. आज जबलपूर शहर आपल्या दिशेने सरकते आहे. भात-मटाराच्या शेतांना प्लॉटचे भाव आले आहेत. नोकरीत नव्याने लागलेल्या जोडप्याला दोन एकर घेणेही जड जाते, मग बटाईवर कसणाऱ्याची काय कथा! कुठे स्वस्त जमीन दाखवली, तर खसऱ्यात भूदानाची नोंद आहे का, हे आधी पाहावे. अशा जमिनीच्या विक्रीवर कायद्याचे निर्बंध आहेत, कारण ती कोणा भूमिहीन कुटुंबासाठी मागून घेतलेली आहे.